दोन अशोक

वर्षभर या सदरात मी शब्दांच्या मागे हिंडत असतो. एखादा शब्द हाती धरावा, त्याचे कूळ शोधावे, तो कुठून आला, वाटेत कुणाकडे उतरला, कुणाचे कपडे अंगावर चढवून आपल्या दारात उभा राहिला याची चौकशी करावी आणि दोन पानांत त्याला निरोप द्यावा, असा आपला परिपाठ. दिवाळी अंकात संपादक जरा मोकळे रान देतात. म्हणून यंदा एका झाडाविषयी लिहायचे ठरवले आहे. अर्थात तिथेही शब्द सुटणार नाहीच. कारण ही सगळी हकीकत घडली ती एका शब्दापायी.

अशोक कुणाला ठाऊक नाही? सोसायटीच्या कुंपणाशी, शाळेच्या पटांगणाभोवती, सरकारी कचेरीच्या दाराशी एका रांगेत सावधान उभी असलेली ती उंच, निमुळती झाडे. पाने लांबट, चकचकीत, काठाला लाटा असलेली आणि खाली झुकलेली. आमच्या फाटकापासून जिन्यापर्यंत अशी अकरा झाडे आहेत. माळी त्यांना अशोक म्हणतो. सोसायटीच्या वहीत त्यांची नोंद ‘अशोक, नग ११’ अशी आहे. आमच्या चिरंजीवांनी शाळेच्या वहीत त्यांचेच पान चिकटवून खाली सुवाच्य अक्षरांत ‘अशोक’ असे लिहिले होते आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूणही केली होती. फळे पिकली की रात्री वटवाघळे येतात आणि सकाळी गच्चीत बियांचा सडा पडलेला असतो. तेवढा उपद्रव सोडला तर झाडे मोठी गुणी.

गोष्ट २०१७ सालची. त्या वर्षी गौरी-गणपतीला माझी थोरली बहीण सांगलीहून आमच्याकडे पुण्याला आली. तिला आम्ही आक्का म्हणतो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. म्हणजे तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती. गौरी जेवणाच्या दिवशी आक्का स्वयंपाकघरात आलीच नाही. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून वाती वळत बसली. आमच्या घरात ही शिवाशिव कुणी मानत नाही; पण आक्का मानते, आणि तिच्या मानण्याला हात लावायची आमच्यापैकी कुणाची छाती नाही. अशा वेळी घरातल्या पुरुषांनी वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचे असते. मी तसा बसलो. पण गणपती गेले, पितृपंधरवडा अर्धा उलटला, तरी आक्का आपली बाहेरच.

एके रात्री सौ.ने विषय काढला.

“अहो, आक्कांचं हे नेहमीचं नव्हे. चैत्रापासून असंच चाललंय म्हणतात. पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही. मला म्हणाल्या, बाळूला सांगू नकोस.”

“मग डॉक्टरकडे नेऊ या की.”

“नको म्हणतात. पाळी जायच्या वेळेला सगळ्याच बायकांना होतं, त्यात दाखवायचं काय, म्हणतात.”

मी बाळू. महाविद्यालयात मराठी शिकवतो, शृंगाररसावर तासचे तास बोलतो, पण आपल्या सख्ख्या बहिणीला ‘तुला काय होतंय?’ एवढे तीन शब्द विचारायला माझी जीभ उचलेना. तो प्रश्न आणखी एका दिवसाने पुढे गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी आल्या आणि त्यांनी तो सोडवूनच टाकला. “अशोकाच्या सालीचा काढा द्या. दुधात उकळून. बायकांच्या या दुखण्यावर त्यासारखं औषध नाही.” घरात घरगुती औषधांचे एक जुने पुस्तक होते. त्यातही तेच लिहिलेले. आक्का काढ्याला तयार झाली, कारण काढा म्हणजे डॉक्टर नव्हे.

आणि मला तर हुरूपच आला. दुखण्याविषयी बोलणे मला जमत नव्हते. पण साल आणणे जमण्यासारखे होते. शिवाय अशोक! तो तर आमच्या घरातलाच. मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली, खाली गेलो, माळ्याची परवानगी काढली आणि फाटकापासून तिसऱ्या झाडाची वीतभर साल सोलून आणली.

रोज सकाळी सौ. ती साल दुधात उकळी आणि आक्का ते पेलाभर दूध नाक मुरडून पिई. तिचे मन रमावे म्हणून मी तिला अशोकाच्या गोष्टी सांगत असे. त्याच महिन्यात वर्गात मी दोहदाची कल्पना समजावून दिली होती, ती तिलाही ऐकवली. सुंदर स्त्रीने नूपुर घातलेल्या पायाने लाथ मारल्याशिवाय अशोक फुलत नाही, असा आपल्या कवींचा संकेत. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त सगळा डाव त्यावरच रचलेला आहे. अशोक फुलेना, लाथ मारण्याचा मान राणी धारिणीचा, पण विदूषकाच्या प्रतापाने ती झोपाळ्यावरून पडून तिचा पाय दुखावलेला. म्हणून ती मालविकेला पाठवते आणि पाच रात्रींत झाड फुलले तर तुझी इच्छा पुरवीन, असे वचन देऊन बसते. झाड फुलते. पुढे काय होते ते सांगायला नकोच.

“म्हणजे झाडापायी नवरा गेला की तिचा!” आक्का म्हणाली आणि मनापासून हसली. त्या सात आठवड्यांतले तिचे तेवढेच हसणे मला आठवते.

कारण काढा चाललाच होता आणि रक्त जायचेही थांबले नव्हते. मध्ये चार-सहा दिवस आपसूक थांबे, तेव्हा आम्ही काढ्याला गुण आला म्हणायचो. पुन्हा सुरू झाले की पथ्य चुकले म्हणायचो. विश्वास ठेवायचाच म्हटला की पुराव्याला तोटा पडत नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी पाटावर बसलो होतो. आक्का ताट घेऊन आली. तिने निरांजन दोनदा फिरवले आणि ताट थरथरू लागले. दिव्याच्या उजेडात माणसाचा चेहरा उजळतो म्हणतात. मला तिचा चेहरा त्या उजेडात प्रथमच नीट दिसला. ओठसुद्धा पांढरे. ताट सौ.ने वरच्या वर झेलले, आक्काला मी. तिचे अंग इतके हलके कधी झाले हे मला कळलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ‘डॉक्टर नको’ या तिच्या हट्टाला मान देऊन, मी तिला रिक्षात घालून पेठेतल्या एका वैद्यांकडे नेले. वैद्यबुवा सत्तरीचे. त्यांनी नाडी पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली, आणि तिला काही प्रश्न विचारले. जे प्रश्न विचारायला मला सात आठवडे जमले नाही, ते त्यांनी पाच मिनिटांत, सून-लेकीशी बोलावे तसे विचारले आणि आक्काने त्यांची उत्तरेही दिली. मग ते माझ्याकडे वळले. “आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या. रक्त तपासा, सोनोग्राफी करा. माझ्याकडे नंतर या. आजवर काय देत होता?”

मी मोठ्या अभिमानाने खिशातून पुडी काढली.

“कुठली ही?”

“आमच्या दारचीच आहे. अशोकाची.”

त्यांनी तुकडा उलटसुलट केला, मोडला, खिडकीपाशी नेऊन पाहिला. “प्रोफेसर, ही अशोकाची साल नव्हे.”

“पण झाड अशोकाचंच आहे. अकरा आहेत आमच्याकडे.”

“अकरा असोत नाहीतर अकराशे.” त्यांनी फळीवरची एक बरणी काढून माझ्या हातावर एक तुकडा ठेवला. “ही पाहा. आतून तांबूस, बारीक उभ्या रेषांची. मोडली की वरच्या काळपट थराखाली पातळ पांढरी रेघ दिसते. जिभेवर ठेवा.” मी ठेवली. तुरटपणाने तोंड ओढले. “हा अशोक. तुमचा तो आसुपालव. लोक त्यालाच अशोक म्हणतात, त्यावर माझ्याकडे औषध नाही. आणि एक सांगू का? साल खरी असती, तरी पन्नाशीच्या बाईला सहा महिने रक्त जातंय म्हटल्यावर मी आधी तपासायलाच धाडलं असतं. कशानं जातंय ते कळल्याशिवाय काढा कुणाला द्यायचा?”

रिक्षा तिथूनच इस्पितळाकडे वळली. आक्काचे हिमोग्लोबिन साडेसहा भरले. सोनोग्राफीत गर्भाशयात दोन गाठी दिसल्या, त्यातली एक मोसंब्याएवढी. रक्ताच्या बाटल्या चढवल्या, नोव्हेंबरात शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढले, गाठींत कर्करोग नाही असा निर्वाळा आला, आणि आक्का वाचली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत; फक्त म्हणाल्या की या वयात रक्त जास्त जाऊ लागले तर ‘होतंच’ म्हणून सोडू नये आणि पाळी पुरती गेल्यावर तर एक थेंब दिसला तरी येऊन दाखवावे. त्या काढ्याने अपाय झाला का, असे मी विचारले. सालीने काही केले असे त्यांना दिसत नव्हते. अपाय केला तो सात आठवड्यांनी.

आता शब्दांकडे येतो, कारण माझ्या लेखी खरी नाचक्की तिथे आहे.

संस्कृत कोशांत आणि निघंटूंत अशोकाला पुष्कळ नावे आहेत. वंजुळ, कंकेली, हेमपुष्प, पिंडपुष्प, ताम्रपल्लव. विद्यार्थिदशेत मी ही घोकून पाठ केली होती आणि पुढे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली. घोकताना एकदाही मनात आले नाही की ही नावे म्हणजे झाड ओळखण्याच्या खुणा आहेत. ताम्रपल्लव: ज्याची कोवळी पालवी तांब्याच्या रंगाची. हेमपुष्प: ज्याचे फूल सोन्यासारखे. पिंडपुष्प: ज्याची फुले गोळ्यांनी, गुच्छांनी येतात. जुन्या माणसांनी चित्र काढले नाही, नावातच चित्र बसवले. आमच्या फाटकापाशी यातले काय आहे? त्या झाडाला फूल येते हेच बहुतेकांच्या गावी नसते. येते ते फिकट हिरवे, चांदणीच्या आकाराचे, पानांत लपलेले. सोने नाही, तांबे नाही, पिंड नाही. खिशात कुलपाची किल्ली असताना मी दार लोटून भलत्याच घरात शिरलो होतो.

खरा अशोक मी पाहिला तो पुढच्या फाल्गुनात, २०१८ साली. आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या एक बाई आहेत. माझी हकीकत ऐकून त्यांनी ‘तुम्ही मराठीवाले!’ एवढेच उद्गार काढले आणि मला शहरातल्या एका जुन्या बागेत नेले. झाड फार उंच नव्हते. आडवे पसरलेले, गर्द, आमराईतल्या एखाद्या लहान झाडासारखे. फांद्यांच्या टोकांना कोवळी पाने तांबड्या रेशमी गोंड्यांसारखी लुळी लोंबत होती. नवे पान आधी असे लोंबते, मग हळूहळू हिरवे होऊन ताठ होते. एका देठावर पाच-सहा जोड्या पानांच्या. आणि फुले! नारिंगी, पिवळी, शेंदरी, सगळी एकाच गुच्छात. कारण फूल उमलते पिवळसर आणि जुने होता होता लाल होत जाते. बाईंनी एक फूल हातावर ठेवून सांगितले की याला पाकळ्याच नाहीत. पाकळ्यांसारखे दिसते ते चार भागांचे रंगीत पुष्पकोश, आणि त्यातून बाहेर डोकावणारे सात-आठ लांब पुंकेसर. वास मंद, गोडसर. झाड शेंगवर्गातले. चपट्या, वीतभर लांब शेंगा येतात. आमचे फाटकापाशीचे पहारेकरी मात्र सीताफळाच्या कुळातले. या झाडाशी त्यांचे दूरचेही नाते नाही.

मला खिळवून ठेवले ते आणखी एका गोष्टीने. फुले केवळ टोकांना नव्हती. जाड फांद्यांवर, पार खोडापर्यंत सालीतूनच गुच्छ फुटले होते. ‘कुमारसंभवा’त अकाली वसंत येतो तेव्हा अशोक लाथेची वाट न पाहता खोडापासूनच फुलून येतो, असे कालिदासाने म्हटले आहे. वर्गात मी त्याला अतिशयोक्ती म्हणत आलो होतो. झाडाखाली उभा राहिलो तेव्हा कळले की अतिशयोक्ती कसली, साधे वर्णन आहे. कवीने झाड पाहिले होते, प्राध्यापकाने पाहिले नव्हते.

याला सीतेचा अशोक किंवा सीता-अशोक असे नाव पडले ते अर्थात अशोकवनिकेमुळे. जाता जाता एक गंमत सांगतो. वाल्मीकिरामायणात सीता बसलेली असते आणि हनुमंत लपलेला असतो ते झाड अशोकाचे नव्हेच, ते शिंशपेचे. वन अशोकांचे, पण प्रसंग घडतो शिंशपेखाली. नावाच्या बाबतीत हे झाड पहिल्यापासूनच कमनशिबी दिसते. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाच्या रॉक्सबर्गने अठराव्या शतकाच्या शेवटी ‘शाकुंतला’चा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या सर विल्यम जोन्सच्या सन्मानार्थ त्याला ‘जोन्सिया अशोका’ म्हटले. पुढे शास्त्रज्ञांनी ते लिनिअसच्या ‘सराका इंडिका’त घातले आणि आपल्याकडच्या सगळ्या जुन्या पुस्तकांत हेच नाव छापले गेले. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस डच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की लिनिअसचे झाड जावा बेटातले, निराळेच. भारतातला अशोक तो ‘सराका असोका’. तेव्हा एका झाडाचे नाव दुसऱ्याला लावण्यात मीच एकटा नव्हतो, ही चोरट्या समाधानाची गोष्ट आहे. पण लिनिअसने आपली साल कुणाला उकळून पाजली नव्हती.

औषधाची परंपरा मात्र खरोखर जुनी आहे. चरकाने वेदना शमवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गट सांगितला आहे, त्यात अशोक आहे. अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात रक्तप्रदरावर, म्हणजे आक्काच्याच लक्षणावर, अशोकाच्या सालीचे दूध सांगितले आहे. अशा दुधाचे जुने माप एक भाग औषध, आठ भाग दूध आणि बत्तीस भाग पाणी. पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर ठेवायचे. बिया वाटून लघवीच्या तक्रारींवर देत, फुले रक्ती आवेवर. घरोघर पोचला तो अशोकारिष्ट. त्याची कृती ‘भैषज्यरत्नावली’त आहे: एक तुळा साल, म्हणजे आजच्या हिशोबाने पावणेपाच किलोंच्या वर, ती पाण्यात उकळून पाणी चौथाईवर आणायचे, सालीच्या दुप्पट गूळ, धायटीची फुले, आणि जिरे, सुंठ, नागरमोथा, त्रिफळा, अडुळसा, चंदन वगैरे मंडळी थोडी थोडी. हे सगळे तोंड बंद करून आंबत ठेवायचे. आंबले की त्यात आपोआप पाच ते दहा टक्के अल्कोहोल तयार होते. दारूचे नाव काढले तर कानांवर हात ठेवणाऱ्या किती आजीबाई रोज जेवणानंतर दोन चमचे अरिष्ट घेत आल्या आहेत, हा विचार मी सहसा बोलून दाखवत नाही.

सालीत टॅनिन भरपूर असते, तुरटपणा त्याचाच. आणि तुरट ते स्तंभक, रक्त थोपवणारे, असा वैद्यकाचा जुना हिशोब. प्रयोगशाळांतून या सालीवर बरेच काम झाले आहे. मोठ्या संख्येने बायकांवर काटेकोरपणे घेतलेल्या चाचण्या मात्र थोड्या. वैद्यबुवांना मी पुढे याबद्दल विचारले. ते म्हणाले, “तपासणीत गाठ नाही, दुसरं काही भलतं नाही, अशी खात्री झालेल्या बाईला मी देतो. पुष्कळींना उतार पडतो. गाठ असली तर हात जोडतो.” मला हे उत्तर दोन्हीकडच्या अभिमान्यांच्या उत्तरांपेक्षा बरे वाटले.

पण द्यायला साल हवी ना! मी सोसायटीतल्या झाडावर फसलो. बाजारातून पुडी आणली असती तर फसलो नसतो असे नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दुकानांतून ‘अशोक’ म्हणून विकत घेतलेल्या सालींची डी. एन. ए. तपासणी केली, तेव्हा पाचांतल्या चारांहून अधिक नमुने अशोकाचे निघालेच नाहीत. निरनिराळ्या कुळांतल्या झाडांच्या साली होत्या त्या.

आणि याचे कारण केवळ व्यापाऱ्यांची लबाडी म्हणून भागत नाही. हे झाड सह्याद्रीतल्या आणि पूर्वेकडच्या ओल्या रानांत, ओढ्याकाठच्या सावलीत वाढते आणि सावकाश वाढते. मागणी मात्र साऱ्या देशाची. शिवाय हवी असते ती नेमकी साल. फळ काढले, फूल तोडले तर झाड राहते. साल खोडाभोवती गोल सोलून घेतली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे उतरण्याची वाटच तुटते आणि झाड उभ्या उभ्या मरते. जाणता माणूस एका बाजूची उभी पट्टी काढतो, किंवा छाटलेल्या फांदीची साल घेतो, आणि जखम भरायला अवधी देतो. पण रानातले झाड कुणाच्याच मालकीचे नसते. आज मी पट्टी काढली तर उद्या दुसरा उरलेली काढील, ही भीती. १९९८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने अशोकाची नोंद धोक्यातल्या झाडांत केली. तेव्हा एकीकडे खरा अशोक रानातून कमी होत गेला आणि दुसरीकडे त्याचे नाव धारण केलेली दुसरी झाडे गावोगावच्या फाटकांवर वाढत गेली. नाव भरपूर दिसते, म्हणून झाडही भरपूर आहे असे आपण धरून चालतो.

आसुपालवाचा मात्र मी राग करीत नाही. त्याने आपण अशोक असल्याचा दावा कधीच केला नव्हता. फाटकापासून तिसऱ्या झाडावर माझ्या सुरीची खूण अजून आहे. कडा आत वळून जखम जवळजवळ मिटली आहे. जाता-येता तिच्यावर नजर जाते.

हे सगळे मी आक्काला सांगितले, तेव्हा तिने कपाळाला हात लावला. पण काढ्याच्या चुकीचे तिला काहीच वाटले नाही. “तुला कुठलं कळायचं झाडातलं!” म्हणाली. मला वाटले, इथेच बोलून टाकावे. मी म्हणालो, “आक्का, झाडाचं जाऊ दे. तू मला सांगितलं का नाहीस?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तू तरी कुठं विचारलंस?”

पंचांगात चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाष्टमी असते. त्या दिवशी अशोकाच्या आठ कळ्या पाण्यातून प्यायच्या असतात. आक्का पंचांगाची पक्की, पण हे व्रत तिने कधी केले नव्हते. “कळ्या बघितल्यात कुणी? छापून येतं, आपण पान उलटतो.” तिने माझ्याकडून रोप मागून घेतले. बाईंनी पावसाळ्यात ताज्या शेंगा जमवून बिया लगोलग पेरल्या होत्या, कारण या बिया ठेवून दिल्या तर रुजत नाहीत म्हणे. २०१९ च्या जूनमध्ये मी ते रोप डब्यात घालून, मांडीवर धरून, एस.टी.ने सांगलीला नेले. परसात न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, आंब्याच्या सावलीत आक्काने ते लावले.

पहिली तीन वर्षे ते रुसल्यासारखे होते. मग वाढीला लागले. आता आक्काच्या डोक्यावर गेले आहे. फूल अजून नाही. या वर्षीच्या पाडव्याला तिचा फोन आला. आधी स्वतःची तब्येत सांगितली, न विचारता, सगळी, गुडघ्यापासून रक्तदाबापर्यंत. हल्ली ती सांगते. मग म्हणाली, “झाडाला तांबडे गोंडे लागलेत रे. लुळे, लोंबतायत नुसते. मला वाटलं रोग पडला. मग आठवलं, तू म्हणालास तसं, ताम्र काहीतरी.”

“ताम्रपल्लव. फुलेल आता एक-दोन वर्षांत.”

“आपसूक फुलेल का लाथ मारावी लागेल?”

“मारून बघ की.”

“माझा गुडघा बघितलास का? त्या राणीसारखं झालंय माझं,” आक्का म्हणाली, “सुट्टीत येशील तेव्हा बायकोला घेऊन ये. आणि पैंजण घालून यायला सांग.”